पोरीच्या इंजिनिअरिंगची फी माफ आहे, पण कागदं बारावीतच जमवा

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत जूनमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "निकाल तर लागू दे, मंग पाहू." निकाल लागतो, सीईटीत पोरीला बरे गुण असतात, आणि मग घर जात वैधतेच्या कागदासाठी, म्हणजे जात पडताळणी समितीच्या प्रमाणपत्रासाठी, धावत सुटतं. माझ्या वेळी हेच झालं होतं.

राज्य सरकारची योजना अशी. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. आधी ५० टक्केच होतं. प्रवेश मात्र कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याच्या जागेला हे लागू नाही, कॉलेजचा माणूस काहीही सांगो. होस्टेल, मेस, बस यांचा खर्च यात येत नाही. एससी-एसटी मुलींच्या योजना वेगळ्या आहेत, पण अर्ज दोन्हींचा महाडीबीटीवरच, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर.

लागणारे कागद : दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, कॅपचं वाटपपत्र. ओबीसी-एसईबीसीला जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता. ईडब्ल्यूएसला वैधता नको, ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र पुरतं.

बाकीचे सरकारी दाखले सेतू केंद्रातून निघतात. घोडं अडतं ते वैधतेवर. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणजे आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, नाहीतर कोतवाल पंजीची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल. तिथं माझे आजोबा निघाले 'गोइंदा', आणि बाबांच्या दाखल्यावर 'गोविंदराव'. दोन्ही माणूस एकच, असं शपथपत्र आणि वंशावळ जोडली, तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली. म्हणून बारावीचं वर्ष सुरू होताच कॉलेजमार्फत समितीकडे अर्ज टाका. काकाची किंवा चुलतभावाची वैधता आधीच झाली असेल तर तिची प्रत जोडा, अर्धं काम तिथंच होतं. लग्न झालेल्या मुलीचे पुरावे माहेरचेच लागतात. सासरच्या नावावर अडून बसू नका.

प्रवेश झाला की महाडीबीटीवर अर्ज भरायचा. तो आधी कॉलेज तपासतं, मग विभाग. खोट निघाली तर परत येतो, म्हणून लॉगिन करून बघत राहा. पुढं दरवर्षी नूतनीकरण आहेच. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. नुसतं खातं असून भागत नाही, बँकेत जाऊन आधार सीडिंग झालंय का ते विचारा.

एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्तीही बघून ठेवा. वर्षाला ५० हजार मिळतात, घरातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्नाची अट तीच ८ लाखांची. पदवी किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असतानाच, किंवा डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला गेल्यावर, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर वेगळा अर्ज करावा लागतो.

आणि अर्जात मोबाईल नंबर पोरीचा स्वतःचा द्या. सेतूवाल्याचा दिला, तर पुढच्या वर्षी ओटीपीसाठी त्याला शोधत फिरावं लागतं.