लाइटर कुणाच्या हाती लागला?

"शाब्रोलचा तो लाइटरवाला पिक्चर कुठला रे?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, लाइटर कुणाला सापडतो? नवऱ्याला की मास्तरीणबाईंना? कारण क्लोद शाब्रोल या फ्रेंच दिग्दर्शकाने लागोपाठच्या दोन वर्षांत दोन लाइटरवाले पिक्चर काढून ठेवले आहेत. १९६९ चा 'ला फाम अँफिदेल', म्हणजे बदफैली बायको, आणि १९७० चा 'ल बुशे', म्हणजे खाटीक.

गोंधळ होतो यात बघणाऱ्याची चूक नाही. दोन्हीत नायिका स्तेफान ओद्रां (तेव्हा ती शाब्रोलची बायकोही होती). दोन्हीत तिचं नाव एलेन. कॅमेरा दोन्हीकडे झाँ राबिएचा, संगीत पिएर जान्सेनचं. दोन्हीत ती टापटीप राहते, मोजकं बोलते, सिगारेट ओढते. १९७१ मध्ये शाब्रोलने 'ज्युस्त आव्हां ला न्वी' काढला, तर त्यातही बाई एलेनच, आणि 'फाम अँफिदेल'मधला नवरा शार्ल होता म्हणून इथलाही शार्लच, नटही तोच मिशेल बूके. माणसाला नावं सुचत नव्हती असं नाही, मुद्दाम केलेला खेळ होता तो. तिसऱ्याचं प्रकरण इथे नको, दोघांचंच पुरे आहे.

आता पुढे दोन्ही कथा उघडणार आहेत. पण त्याने फारसं बिघडत नाही. खुनी कोण हे कोडं घालून शेवटच्या रिळात उत्तर द्यायचं, हा शाब्रोलचा धंदाच नव्हे.

'फाम अँफिदेल'मधलं जोडपं व्हर्सायजवळ राहतं. मोठं घर, बाग, एक मुलगा, पॅरिसमध्ये नवऱ्याचं विम्याचं ऑफिस. भांडण नाही, आवाज चढत नाही. शार्लला संशय येतो, तो खाजगी गुप्तहेर लावतो आणि बायकोच्या प्रियकराचा पत्ता मिळवतो. मग एके दिवशी सरळ त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. आमच्यात काही लपवाछपवी नसते, आम्ही एकमेकांना सगळं सांगतो, असं भासवतो. दोघं दारू पीत बसतात. प्रियकर बिचारा सैलावतो, घर दाखवायला लागतो. बेडरूममध्ये शार्लची नजर एका भल्यामोठ्या लाइटरवर पडते. लग्नाच्या वाढदिवसाला त्यानेच बायकोला दिलेला. इथवर हा माणूस सगळं गिळत आलेला असतो, तो लाइटर मात्र घशाखाली उतरत नाही. बूकेचा चेहरा इथे पाहण्यासारखा आहे, अंगातलं रक्त खाली उतरावं तसा पांढरा पडतो. प्रियकर विचारतोही, बरं नाही का वाटत? आणि शार्ल हाताशी असलेली दगडी मूर्ती त्याच्या डोक्यात घालतो.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो. जवळजवळ संवादच नाहीत. फरशी पुसणं, बोटांचे ठसे पुसणं, प्रेत चादरीत गुंडाळणं, ओढत गाडीपर्यंत नेणं. विम्याची फाइल नीट लावावी तसा तो खून आवरतो. वाटेत मागून दुसरी गाडी येऊन नेमकी डिकीवर आदळते, लोक जमतात, आणि आपण प्रेक्षक खुन्याच्या बाजूने घाम पुसायला लागतो. शेवटी तळ्यात टाकलेलं गाठोडं पटकन बुडत नाही. शार्ल काठावर उभा, गाठोडं वर तरंगतंय, आपण मनातल्या मनात म्हणतोय, बुड रे बाबा.

हीच गोष्ट हॉलिवूडने २००२ मध्ये 'अनफेथफुल' म्हणून पुन्हा केली, तिच्यावरून आपल्याकडे २००४ चा हिंदी 'मर्डर' आला. त्यामुळे ज्यांनी शाब्रोलचं नावही ऐकलेलं नाही त्यांनाही ही कथा ओळखीची वाटते. हॉलिवूडमध्ये भेटवस्तू हीच हत्यार झाली: बायकोला दिलेला काचेचा गोळाच नवरा प्रियकराच्या डोक्यात घालतो. शाब्रोलकडे लाइटर फक्त तोल घालवतो. 'मर्डर'मध्ये तर प्रियकर मेलेलाच नसतो, म्हणजे मुळावरच घाव.

'ल बुशे'मध्ये मोठं घर नाही, नवराही नाही. फ्रान्सच्या दोर्दोन्य भागातलं त्रेमोला हे खरंखुरं गाव आहे आणि गावकऱ्यांनीच त्यात कामं केली आहेत. एलेन इथे शाळेची मुख्याध्यापिका. सुरुवात एका लग्नाच्या जेवणावळीने होते, तिथे पोपोल नावाचा खाटीक (झाँ यान) भाजलेलं मांस सराईतपणे कापून वाढतो. इंडोचायना आणि अल्जेरिया, दोन्हीकडे सैन्यात राहून आलेला. पुढे तो तिच्याकडे फुलांच्या गुच्छासारखी कागदात गुंडाळलेली कोकराची तंगडी घेऊन येतो. बाई ती हसून घेतात. प्रेम करण्याची त्याला माहीत असलेली रीत तेवढीच.

गावात बायकांचे खून व्हायला लागतात. बाई मुलांची सहल घेऊन गुहेतली आदिमानवाची चित्रं बघायला जातात, आणि नंतर कड्याखाली मुलं खायला बसलेली असताना एका मुलीच्या पावावर वरून रक्ताचा थेंब पडतो. वर प्रेत असतं, सुरुवातीच्या लग्नातल्या नवरीचंच. आणि प्रेताजवळ लाइटर. हा छोटा, खिशातला. पोपोलला वाढदिवसाला एलेननेच दिलेला.

इथे दोन्ही चित्रपट पाठीला पाठ लावून उभे राहतात. 'फाम अँफिदेल'मध्ये पुरावा एलेनला सापडतो तो नवऱ्याच्या कोटाच्या खिशात: प्रियकराचा फोटो, मागे पत्ता. ती फोटो जाळते. 'ल बुशे'मधली एलेन लाइटर पोलिसांना देत नाही, टेबलाच्या खणात टाकते. बाई तीच, कृती तीच, पुरावा दडवण्याची. पण पहिलीत फोटो जळताना एक संसार पुन्हा पेटतो. आपल्यासाठी या माणसाने खून केला हे कळल्यावरच ती नवऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघते, आणि दोघांत एक शब्दही होत नाही. दुसरीत तो खण बाईंना एकटं पाडतो. पुढे पोपोल घरी येतो, सिगारेट पेटवायला खिशातून तसाच लाइटर काढतो, आणि एलेन सुटकेने हसता हसता रडते. संशय खोटा ठरला! खोटा ठरलेला नसतो. त्याने तसाच दुसरा मिळवलेला असतो, आणि पहिला त्याला नंतर तिच्याच खणात सापडतो.

मला विचाराल तर 'ल बुशे' जास्त टोचतो. शार्ल खून करून नवरा म्हणून मोठा होतो, हे पचवायला थोडं सोपं आहे, पुरुषी अभिमानाला गोंजारणारंही आहे. खाटीक मात्र शेवटी सुरी स्वतःच्याच पोटात खुपसतो, आणि एलेन त्याला रात्रीच्या अंधारात गाडीतून हॉस्पिटलला नेते. सगळ्या रस्त्याभर तो बोलत राहतो, रक्ताविषयी आणि तिच्याविषयी.

तरीही घोटाळा झालाच तर शेवट आठवून बघा. पोलीस बागेत आलेत, शार्ल त्यांच्याकडे चाललाय, कॅमेरा मागे सरकतोय आणि त्याच वेळी झूम पुढे जातेय, बायको-मुलगा दूरही होतायत आणि जवळही येतायत: 'फाम अँफिदेल'. हॉस्पिटलच्या लिफ्टच्या बटणाचा लाल दिवा लुकलुकतो, विझतो, आणि पहाटे नदीकाठी एक बाई एकटीच उभी आहे: 'ल बुशे'.