ग्रहणात विळी धरली म्हणून ओठ फाटत नाही

ग्रहण लागलं की गरोदर सुनेला खोलीत बसवायचं, विळी-सुई दूर ठेवायची, पाण्याचा घोटही द्यायचा नाही. का, तर बाळाचा ओठ फाटेल.

आता वेळापत्रक पाहा. गर्भाच्या चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतात. वरचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात तयार होतो, तोंडातली टाळू त्यानंतर काही आठवड्यांत. म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं! मग आठव्या महिन्यातल्या बाईच्या भाजी चिरण्याने जुळलेला ओठ उसवणार कसा?

ही जुळणी अपुरी राहण्यामागे अनुवंश, आईचं धूम्रपान, आधीपासूनचा मधुमेह, फिट्सवरची काही औषधं अशी कारणं आढळतात. बरेचदा नेमकं एक कारण सापडतही नाही. ग्रहण म्हणजे तर नुसती सावली. सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये हे खरं, पण ते सगळ्यांनाच लागू आहे. त्या बाईला तासन्‌तास उपाशी, तहानलेलं ठेवणं मात्र त्रासाचं.

आणि असं बाळ जन्मलं, तर आईला ‘ग्रहणात काय कापलंस?’ विचारू नका. प्लास्टिक सर्जनकडे न्या. ओठाची शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या वर्षातच होते.