मनसरचं मँगेनीज आणि रिकामी जागा

नागपूरहून जबलपूर रोडने निघालं की रामटेकच्या अलीकडे मनसर लागतं. तिथल्या खाणीतलं काळंशार, हाताला जड लागणारं ढेकूळ म्हणजे मँगेनीजचं खनिज. याच मँगेनीजच्या एका ऑक्साइडने मला वेड लावलं: लॅन्थॅनम मँगनाइट, पेरोव्स्काइट कुळातलं एक सिरॅमिक. मँगेनीजच्या अणूभोवती सहा ऑक्सिजन, अशा चौकटी कोपऱ्याला कोपरा जोडून रचलेल्या, आणि त्यांच्यामधल्या पोकळीत लॅन्थॅनम.

अगदी बिनचूक बनवलेल्या लॅन्थॅनम मँगनाइटमध्ये सुमारे उणे 133 अंशांखाली एका थरातले सगळे अणुचुंबक एका दिशेला वळतात, तर पुढच्या थरातले बरोबर उलट. बेरीज शून्य.

विद्यार्थी असताना एका जुलैत मी याच्या पेलेट, म्हणजे पूड दाबून केलेल्या छोट्या चकत्या, करायला घेतल्या. लॅन्थॅनम ऑक्साइडची पांढरी पूड हवेतली ओल पिते. पूर्ण मुरली, तर 100 ग्रॅमची जवळपास 117 ग्रॅम होते. म्हणून तोलण्याआधी ती 900 अंशांच्या आसपास भाजून घ्यायची असते. मी तशीच तोलली. काट्यावरचा आकडा बरोबर होता, पण त्यात पाणीही आलं होतं, म्हणजे लॅन्थॅनम तेवढं कमी पडलं. पूड अगेटच्या खलात घोटली, पेलेट दाबल्या, भट्टीत भाजल्या. मग एक पेलेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून चुंबकाजवळ नेली, तर ती टचकन चिकटली. तिच्यावर पांढरं दव धरत गेलं, ती कोमट होत गेली आणि थोड्या वेळाने आपोआप गळून पडली.

झालं होतं असं: लॅन्थॅनमचा एक अणू कमी पडला की तीन धनभार कमी होतात. हिशोब जुळवायला तीन मँगेनीज आपला एकेक इलेक्ट्रॉन सोडतात. हवेत भाजल्याने जास्तीचा ऑक्सिजन येतो, तोही हेच करतो. आता शेजारच्या मँगेनीजवरचा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनमार्गे त्या मोकळ्या जागेत उडी मारू शकतो. ही उडी सोपी जाते ती दोन्ही अणुचुंबक एकाच दिशेला असतील तेव्हा. उडीने ऊर्जा वाचते, म्हणून सगळे एका दिशेला वळतात. हे स्पष्टीकरण क्लॅरेन्स झेनर यांनी 1951 मध्ये मांडलं. मला ते फार देखणं वाटतं.

तीच गोष्ट जाणूनबुजूनही करता येते. 30 टक्के लॅन्थॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातलं, तर चुंबकत्व सुमारे 97 अंशांपर्यंत टिकतं. नागपूरचा मे त्याचं काही बिघडवत नाही. कॅल्शियम घातलं, तर मात्र उणे 20 च्या आसपासच मावळतं. उलट ऑक्सिजनचा अणू निसटला की दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात, मोकळ्या जागा बुजतात आणि चुंबकत्व क्षीण होतं.

पण चुंबकत्वाच्या प्रत्येक खुणेवर विश्वास ठेवू नये. बिस्मथ फेराइटमध्ये लोहाच्या ऑक्साइडचे मोजके कण राहिले तरी सगळा नमुना चुंबकीय भासतो. 2005 मध्ये तर हाफ्नियम ऑक्साइडच्या बाबतीत दिसून आलं, की स्टीलच्या चिमट्याने नमुना धरला तरी तसा खोटा संकेत मिळू शकतो.

आमच्याकडे आता चिमटे प्लॅस्टिकचे आहेत, आणि पावसाळ्यात लॅन्थॅनमची पूड भट्टीतून निघाली की निवेपर्यंत डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल न शिरणाऱ्या बंद भांड्यात, आणि तिथून थेट काट्यावर जाते.