कादंबरी जिथं लिहिलीच गेली नाही, ते घर

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात, फॉरेस्ट स्ट्रीटवर हॅरिएट बीचर स्टो यांचं घर आहे. 'अंकल टॉम्स केबिन' या गुलामगिरीविरुद्धच्या कादंबरीच्या लेखिकेचं घर म्हणून लोक ते पाहायला येतात. पण ती कादंबरी इथं लिहिलेली नाही. ती लिहिली मेन राज्यातल्या ब्रन्सविकमध्ये, नवऱ्याची कॉलेजातली नोकरी आणि पोराबाळांचा रगाडा सांभाळत. हार्टफर्डच्या या विटांच्या घरात स्टो राहायला आल्या १८७३ मध्ये, म्हणजे गुलामगिरी कायद्यानं संपल्याला आठ वर्षं झाल्यावर. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं, अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलेलं.

स्टो यांचा जन्म १८११ चा, वडील नावाजलेले धर्मोपदेशक. १८३२ पासून अठरा वर्षं त्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत होत्या. ओहायो नदीच्या अलीकडे गुलामगिरीला बंदी, पलीकडे केंटकीत तीच रीत. पळून आलेल्यांच्या हकिगती तिथं कानावर पडत. १८४९ च्या कॉलऱ्यात त्यांचा दीड वर्षाचा मुलगा चार्ली गेला. लेकरू विकलं गेलेल्या गुलाम आईला काय वाटत असेल ते त्याच्या मरणानं शिकवलं, असं त्यांनी पुढे एका पत्रात लिहिलं. पुढच्याच वर्षी पळून गेलेल्या गुलामांना परत धाडण्याचा नवा कायदा आला. त्यात पकडलेल्या माणसाला मालकाच्या हवाली केलं तर अधिकाऱ्याला दहा डॉलर फी, सोडून दिलं तर पाच. न्यायाचा दर असा उघड छापलेला क्वचितच सापडेल.

कादंबरी जून १८५१ पासून 'नॅशनल इरा' या साप्ताहिकात क्रमशः आली आणि मार्च १८५२ मध्ये पुस्तकरूपात. पहिल्या आठवड्यात दहा हजार, वर्षभरात अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या. गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत 'सगळं खोटं' अशी ओरड झाली, तेव्हा स्टो यांनी १८५३ मध्ये कागदपत्रांनिशी दुसरं पुस्तकच काढलं. तरी मेरीलँडमध्ये सॅम्युएल ग्रीन या स्वतंत्र कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाला १८५७ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा एवढाच, की कादंबरी त्याच्या घरात सापडली.

इथल्या स्टो संग्रहातल्या दोन चिजा मला घरापेक्षाही बोलक्या वाटतात. एक म्हणजे ब्रिटनमधल्या बायकांनी पाठवलेलं आवाहन: कातडी बांधणीचे सव्वीस खंड, पाच लाखांहून जास्त सह्या आणि विनंती एकच, अमेरिकी भगिनींनी गुलामगिरी थांबवावी. दुसरी चीज म्हणजे १८५३ मध्ये सदरलंडच्या डचेसनं दिलेलं सोन्याचं कंगन. ते बेडीच्या कड्यांसारखं घडवलेलं आहे आणि त्यावर ब्रिटनमधल्या गुलाममुक्तीच्या तारखा कोरल्या आहेत. अमेरिकेतल्या तारखा स्टो यांनी नंतर कोरून घेतल्या. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेकडच्या राज्यांत झालेल्या यादवी युद्धात ब्रिटनमधल्या बऱ्याच वजनदार मंडळींचा कल दक्षिणेकडे झुकला, तेव्हा त्याच आवाहनाला जाहीर उत्तर लिहून स्टो यांनी विचारलं, तुमच्या त्या सह्यांचं काय झालं? ते उत्तर जानेवारी १८६३ मध्ये 'अटलांटिक' मासिकात छापून आलं. लिंकननी त्यांना 'हे मोठं युद्ध सुरू करणारी छोटी बाई' म्हटल्याची गोष्ट मात्र जपूनच सांगावी. त्या भेटीच्या वेळच्या कुठल्याही कागदात ती नाही.

स्टो १८९६ मध्ये याच घरात वारल्या. लेखक मार्क ट्वेन बरीच वर्षं त्यांचे शेजारी होते. स्टो यांची सावत्र बहीण इझाबेला, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणारी, तिची नात कॅथरिन सेमूर डे हिनं १९२४ मध्ये हे घर विकत घेतलं. ट्वेन यांचं घर पाडण्यापासून वाचवण्यातही ती पुढे होती. १९४१ मध्ये तिनं हे घर सांभाळणारी संस्था स्थापली, १९६४ मध्ये ती वारली आणि १९६८ मध्ये घर लोकांसाठी खुलं झालं. तेव्हाचा भर जुन्या खानदानी थाटावर होता: फर्निचर, स्टो यांनी रंगवलेली फुलांची चित्रं आणि बहीण कॅथरिन बीचरबरोबर लिहिलेल्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकातल्या कल्पनांवर बेतलेलं स्वयंपाकघर.

सामाजिक न्यायाची भाषा नंतर आली, आणि तिची गरजही होती. कारण कादंबरीची कीर्ती एकसुरी राहिली नाही. गावोगावच्या नाटक कंपन्यांनी कादंबरीचा गुलाम नायक टॉम याचा लाचार म्हातारा केला आणि त्याचं नाव कृष्णवर्णीय समाजात शिवीसारखं वापरात आलं. जेम्स बाल्डविन यांनी १९४९ मध्ये तिच्यातल्या भाबड्या भावुकतेवर कडक टीका केली. कादंबरीच्या शेवटी पळून सुटलेल्या जॉर्ज हॅरिसचं कुटुंब आफ्रिकेतल्या लायबेरियाला जातं, म्हणजे मुक्त माणसाला अमेरिकेत जागाच नाही, हा आक्षेप तर पुस्तक निघालं तेव्हापासूनचा. लेखिकेची आरती ओवाळत बसण्यापेक्षा संस्थेनं हे आक्षेप घरात घेतले, हे मला तिचं खरं काम वाटतं. २००८ पासून इथं चालू प्रश्नांवर चर्चा भरू लागल्या. डागडुजीनंतर २०१७ मध्ये घर पुन्हा उघडलं तेव्हा भेटीचा साचाही बदलला. वाटाड्यानं घोकलेली माहिती सांगायची आणि पाहुण्यांनी माना डोलवायच्या, त्याऐवजी पाहुण्यांना बोलतं करायचं.

२०११ पासून स्टो पुरस्कार दिला जातो. तुरुंगव्यवस्थेतल्या वर्णभेदावर लिहिणाऱ्या मिशेल अलेक्झांडर आणि फाशीच्या कैद्यांचे वकील ब्रायन स्टीव्हन्सन हे त्याचे मानकरी. आणखी एक मानकरी अल्बर्ट वुडफॉक्स यांनी लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात कैद भोगली. एकूण चार दशकं एकांतकोठडीत. तो तुरुंग जुन्या गुलाममळ्याच्या जमिनीवर उभा आहे. कादंबरीतला टॉम मरतो, तोही लुइझियानातल्याच एका मळ्यावर.