दोन नंबरचा रिमोट

1990च्या दशकात ज्या घरांत ‘टीव्ही गेम’, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, आला, तिथे तो सहसा एकट्यादुकट्या पोरासाठी येत नसे. वर्गात नंबर आला म्हणून, दिवाळी म्हणून किंवा काका आखातातून सुटीवर आले म्हणून खोकं उघडायचं आणि आतून दोन रिमोट निघायचे. कोणता कुणाचा, यावर चर्चा व्हायची गरजच पडत नसे. थोरल्याने एक नंबर उचललेला असायचा.

दोघांनी मिळून खेळणं या खेळांत पहिल्यापासून आहे. 1972चा ‘पाँग’ तर एकट्याला खेळताच येत नव्हता. पण आपल्याकडच्या भावंडांची गोष्ट जुलै 1983मध्ये जपानात बाजारात आलेल्या ‘फॅमिकॉम’ या यंत्रापासून सुरू होते. त्याच्या तैवानी आणि चिनी नकला पुढे जगभर पसरल्या. आपल्याकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडला, मनीष मार्केटात, पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळायच्या त्या याच. कॅसेटवर लाखांत गेम छापलेले असत. प्रत्यक्षात मोजके गेम पुन्हापुन्हा, फक्त सुरुवात वेगवेगळ्या लेव्हलपासून.

आता मुद्द्याचं. या नकलांमधल्या बहुतेक दोन नंबरच्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नव्हती. मूळ जपानी यंत्रात त्या जागी एक छोटा माईक आणि आवाज कमीजास्त करायची पट्टी होती. शिवाय दोन्ही रिमोटच्या वायरी यंत्रातच कायमच्या जोडलेल्या, म्हणजे जोडणीच्या पिनांचा खर्चही वाचला. 1985मध्ये हेच यंत्र नवं रूप घेऊन अमेरिकेत गेलं, तेव्हा रिमोट सुटे झाले आणि दोघांनाही सगळी बटणं मिळाली. आपल्या वाट्याला मात्र जपानी साच्याच्या नकला आल्या. त्यातही नकलाकारांनी बहुधा माईक काढून टाकला आणि बटणांची उणीव तेवढी जपली.

व्यवहारात याचा अर्थ असा, की गेम निवडणार थोरला, सुरू करणार थोरला, थांबवणारही थोरलाच. आईने धाकट्याला कोथिंबीर आणायला पिटाळलं तर त्याला स्वतःहून पॉज करता येत नसे. दादाची विनवणी करायची, नाहीतर आपला माणूस मरताना बघत चप्पल घालायची. पुढे सुट्या वायरींच्या नकला आल्या तेव्हा काही धाकट्यांनी पिना उलटसुलट लावून पाहिल्या. त्याने गेम सुरूच होईना, कारण आता पहिल्या पिनेतल्या रिमोटला स्टार्ट नव्हतं. सूत्रं एकाच्याच हातात असली की भांडणं कमी होतात, असं या रचनेचं समर्थन ऐकू येतं. ते करणाऱ्याच्या हातात लहानपणी कोणता रिमोट होता, एवढं विचारून पाहावं.

खेळांनीही थोरल्यांचीच बाजू घेतली. 1985च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये दुसऱ्याची पाळी येते ती पहिला मेल्यावर, लेव्हल संपल्यावर नाही. ज्याचा हात बसलेला, तो जमिनीखालच्या पाइपांतून थेट चौथ्या वर्ल्डला पोचायचा आणि लुइजी, म्हणजे खेळातलासुद्धा धाकटा भाऊ, ताटकळत बसायचा. बदकं टिपायच्या ‘डक हंट’ खेळात टीव्हीवर रोखायची बंदूक दुसऱ्या पिनेत लागे, म्हणून ती धाकटीकडे यायची आणि तिला वाटायचं, चला, आज आपलं राज्य. पहिल्या प्रकारात, म्हणजे एका वेळी एकच बदक उडतं त्यात, एक नंबरच्या रिमोटने बदक हवं तिकडे वळवता येतं, हे ताईला ठाऊक असे. ती मुकाट्याने बटण दाबत बसायची.

अपवाद ‘काँट्रा’चा, 1988मध्ये घरगुती यंत्रावर आलेला. इथे दोघं एकाच वेळी पडद्यावर. पण तिसऱ्या लेव्हलचा धबधबा चढताना एक जण घाईने वर गेला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला फुकट मरतो. शिवाय, आपल्या लाइफ संपल्या की जोडीदाराच्या शिलकीतली उचलता येते. ‘विचारून घ्यायची’ हा नियम गेममध्ये नव्हता, तो घरोघरी केला गेला आणि घरोघरी मोडला गेला. तीस लाइफ मिळवून देणारा बटणांचा कोड अर्थातच एक नंबरवरून.

गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरबद्दल थोडक्यात. तिथे रुपयाचं नाणं टाकून ‘मुस्तफा’ खेळायला दादा जायचा, धाकटा भाऊ नाणी सांभाळायला जायचा, बहिणी बहुतेक जातच नसत. टीव्ही गेमने त्यांना घरातच खेळात आणलं, याची नोंद फारशी होत नाही.

2000च्या आसपास ‘अभ्यासासाठी’ म्हणून संगणक आला आणि दोघं एका कीबोर्डवर आले, एकाला बाणांची बटणं, दुसऱ्याला डावीकडची अक्षरं. 1997च्या ‘नीड फॉर स्पीड 2’मध्ये पडदा दुभागून दोन गाड्या पळायच्या. स्वस्त कीबोर्डला तीन-चार बटणं एकदम दाबलेली कळत नसत, त्यामुळे ऐन वळणावर एकाची गाडी वळायचीच नाही आणि दुसऱ्यावर मुद्दाम बटण दाबून धरल्याचा आळ यायचा. बऱ्याचदा तो खराही असायचा. त्यातच लोडशेडिंगचे दिवस. चालू गेम गेला की दोघंही एकाच वेळी हरायचे, आणि तेवढ्यापुरता तह व्हायचा.

2016नंतर डेटा स्वस्त झाला, मग प्रत्येकाच्या हातात आपापला फोन आला आणि एका पडद्यासमोर बसायची गरज संपली. 2020च्या टाळेबंदीत लुडोने एकच फोन चौघांत फिरवला खरा, पण जोर 2018मध्ये आलेल्या पबजी मोबाइलचाच होता. एक जण हॉलमध्ये, एक गच्चीवर, आणि घरातल्या घरात हेडफोनवरून ‘मला रिव्हाइव्ह कर’. सप्टेंबर 2020मध्ये त्या गेमवर बंदी आली. जुलै 2021मध्ये त्याची भारतीय आवृत्ती निघाली तेव्हा 18 वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आणि पालकांच्या मोबाइल नंबरची अट लागली. बऱ्याच घरांत पालक म्हणून ताईचा नंबर टाकला गेला. ओटीपी मिळायला आधी तिची बादली भरून द्यावी लागे.