रोहयोचं काम मागताना जॉब कार्डावर थांबू नका, पोच घ्या

रोजगार हमी योजनेचं (रोहयो) जॉब कार्ड, म्हणजे मजूर म्हणून नोंदणीचं कार्ड, वर्षानुवर्षं घरात पडून आहे, काम मात्र एक दिवसही मिळालेलं नाही, अशी कुटुंबं गावोगाव आहेत. बहुतेकांच्या बाबतीत कामाची लेखी मागणीच झालेली नसते.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात सुरू झालेल्या या योजनेला 1977 मध्ये कायद्याचं बळ मिळालं. देशाचा कायदा 2005 चा, वर्षाला कुटुंबामागे 100 दिवसांच्या कामाचा. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर करून दिवस 125 केले. त्यामुळे सध्या कोणते अर्ज चालू आहेत, ते आधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

पात्रता सोपी आहे: ग्रामीण भागात राहणारी, 18 वर्षं पूर्ण झालेली आणि अंगमेहनतीचं काम करायला तयार असलेली कोणतीही व्यक्ती. जात, उत्पन्न किंवा शेतीची अट नाही. नोंदणीसाठी आधार, बँक किंवा पोस्टाचं पासबुक, रहिवासाचा पुरावा आणि फोटो लागतो. पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका. पासबुकातलं खातं आधारला जोडलेलं आहे ना, हे मात्र बँकेत जाऊन बघाच, नाहीतर मजुरी अडकते.

खरी गोष्ट पुढे आहे. काम हवं असेल तेव्हा नमुना 4, म्हणजे कामाच्या मागणीचा अर्ज, भरायचा. गावात रोहयोचं काम पाहणारा ग्रामरोजगार सेवक म्हणतो, "काम निघालं की कळवतो." तेवढ्यावर घरी परतू नका. अर्जावर तारीख घाला आणि तारखेची पोच हातात घ्या. त्या तारखेपासून 15 दिवसांत काम मिळालं नाही, तर बेरोजगार भत्ता लागू होतो: पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे निम्मा. 2025-26 मध्ये राज्याचा मजुरीचा दर 312 रुपये होता, म्हणजे भत्ता दिवसाला 78 आणि नंतर 156. पोच नसेल तर हे 15 दिवस मोजायचे कुठून?

गावात हमीचं काम चालू असलं की दुसरीकडची मजुरीही फार पाडता येत नाही, कारण मजुराला नाही म्हणता येतं. मागणी एकट्याने करण्यापेक्षा दहा-पंधरा जणांनी मिळून करावी. एवढे लोक एकदम आले की ग्रामपंचायतीला काम काढणंही सोपं जातं.

ग्रामपंचायत अर्ज घेत नसेल तर तो थेट तहसील कार्यालयात, रोहयोच्या कार्यक्रम अधिकाऱ्याकडे द्या. पोच तिथेही मागा.