परांजपे, राजा
(२४ एप्रिल १९१०–९ फेब्रुवारी १९७९). मराठी चित्रपटदिग्दर्शक आणि अभिनेते. जन्म मिरजेचा. रंगभूमीवरून ते चित्रपटात आले. दिग्दर्शक म्हणून त्यांचा काळ मुख्यतः १९४८ ते १९६५ च्या दरम्यानचा. पौराणिक, ऐतिहासिक आणि तमाशाप्रधान चित्रपटांच्या बरोबरीने मध्यमवर्गीय घराची गोष्ट पडद्यावर रुजली, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

ग. दि. माडगूळकर लेखक-गीतकार, सुधीर फडके संगीतकार आणि परांजपे दिग्दर्शक हे त्रिकूट मराठी प्रेक्षकाच्या मनात कायमचे बसले. ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) हे त्याचे लखलखीत उदाहरण. मुलीचा श्रीमंत बाप तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या निर्धन तरुणापुढे ठरावीक मुदतीत लाख रुपये उडवून दाखवण्याची अट घालतो. कधी पैसाच न पाहिलेल्या माणसाला तो खर्च करणे किती जड जाते, यातून हसू फुटते. विनोदासाठी अंगविक्षेपांची गरज पडत नाही. परिस्थितीच पुरेशी असते. राजा गोसावी यांच्या कारकिर्दीलाही या चित्रपटाने वेग दिला.

‘ऊन पाऊस’ (१९५४) मध्ये तोच पैसा घर पोखरतो. आयुष्यभर मुलांसाठी झिजलेला शिक्षक म्हातारपणी त्यांच्याकडे येतो, तेव्हा मुले आईवडिलांची वाटणी करतात. शिक्षकाची भूमिका परांजपे यांनीच केली. इथे खलनायक नाही. मुलेही वाईट नाहीत, फक्त स्वतःच्या संसारात गुंतलेली आहेत. म्हणूनच हा चित्रपट अधिक बोचतो. त्यांच्या साऱ्या कामात मला तो सर्वांत मोठा वाटतो.

‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) मधली ‘जग हे बंदिशाला’ आणि ‘एक धागा सुखाचा’ ही गाणी आज चित्रपटापासून वेगळी ऐकली जातात. पण त्यांचा खरा भार नायकाच्या वणवणीत आहे. स्वतः नट असल्यामुळे गाणे सुरू असतानाही पात्र सुटू न देण्याची जाण परांजपे यांच्याकडे होती.

कौटुंबिक चौकटीबाहेरही ते सहज वावरले. ‘पाठलाग’ (१९६४) हा रहस्यपट: पत्नीचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहिलेल्या वकिलासमोर हुबेहूब तशीच एक स्त्री आरोपी म्हणून उभी राहते आणि आपणच ती पत्नी असल्याचे सांगते. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटाला दत्ता डावजेकर यांचे संगीत होते. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि राज खोसला यांनी त्यावरून ‘मेरा साया’ (१९६६) हा हिंदी चित्रपट काढला.